चुलीवर वाळत घातलेली गिटार

भात पोटरीला आलं की मुळशीच्या या बाजूला एक वास सुटतो. किंचित दुधाळ, ओला, कोवळ्या दाण्याचा वास. श्रावण-भाद्रपदातल्या सकाळी दार उघडलं की आधी तो घरात येतो आणि त्याच्या मागून धुकं. माझं अर्धं आयुष्य कारखान्यात गेलं, तरी दरवर्षी या दिवसांत हा वास मला शोधत यायचा. मी त्याच्यापासून तोंड फिरवायचो. यंदा तो आला तेव्हा माझ्या हातांना स्पिरिटचा आणि जुन्या ऑइलपेंटचा वास होता. पडवीत दोन स्टुलांवर यशवंतची बेस गिटार आडवी ठेवली होती आणि मी काचेच्या तुकड्याने तिच्या पाठीवरचा काळा रंग खरवडत होतो. तो रंग पंचेचाळीस वर्षांपूर्वी मीच दिला होता.

सरळ सांगतो, कारण आडून सांगण्यात फार वर्षं गेली. त्या गणपतीत, आमच्या गावच्या स्टेजवर, यशवंत बेसूर वाजला. गावाला वाटलं तो पिऊन आला होता. यशवंतला वाटलं त्याचा कान गेला. दोन्ही खोटं होतं. खरं काय ते एकट्या मला माहीत होतं.

गिटार माझ्याकडे आली श्रावणाच्या सुरुवातीला. यशवंतची सून सुनीता ती गोणपाटात गुंडाळून स्कूटीवरून घेऊन आली. त्यांनी धरणाच्या अंगाला चार खोल्या बांधल्यात, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. माळा रिकामा करताना ही सापडली.

"दत्तूकाका, जरा चमकवून द्या ना. खोलीत भिंतीवर लावते. पुण्याची माणसं असल्या वस्तूंबरोबर फोटो काढतात."

"आबाला विचारलंस का?"

"विचारलं की. आधी म्हणाले, भंगारात दे. मग म्हणाले, तिचा काय दोष, वाजवणारा बेसूर हाय. लाव कुठं लावायची तिथं."

ती हसत बोलली. तिला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. मी गोणपाट सोडलं. एका खुंटीला कोळ्याचं जाळं होतं, तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या आणि पाठीवरचा माझा काळा रंग अजून शाळेच्या फळ्यासारखा मख्ख होता. सुनीता गेल्यावर मी बराच वेळ गिटारीला हात लावला नाही.

यशवंतकडे आली तेव्हा ती लाल होती. काळपट लाल, आमसुलाच्या पाण्यासारखी. यशवंतने ती पुण्यात कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून आणली, बदल्यात स्वतःची सायकल देऊन. त्यानंतर दोन वर्षं तो एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जायचा. गावात पहिल्यांदा आणली तेव्हा पारावरच्या मंडळींनी तिला चारी बाजूंनी बघितलं.

"आरं येसू, गिटारीला सहा तारा असत्यात. हिच्या दोन कुटं गेल्या?"

"सासरी गेल्या," यशवंत म्हणाला.

वीज तेव्हा गावात यायची आणि जायची, जास्त करून जायची. गणपतीत वाजवणाऱ्या आमच्या पोरांच्या ऑर्केस्ट्राचा एकमेव अ‍ॅम्प्लिफायर अ‍ॅकॉर्डियनवाल्या बबनच्या घरी कुलपात असे. विजेशिवाय ही गिटार बोलत नाही, नुसती कुजबुजते. मग यशवंत तिच्या लाकडाला हनुवटी टेकवून वाजवायचा. डोळे मिटलेले, मान वाकडी, हाडातून ऐकायचा. सरावाला आम्ही शाळेच्या ओसरीवर जमायचो. भाताची आवणी होऊन गेलेली, तण काढायची बेणणी आटपलेली, हातांना थोडी उसंत. बाहेर खाचरांत बेडूक, आत यशवंत डोळे मिटून बसलेला. बबन चुकून सूर सोडून गेला की तो डोळे न उघडता म्हणायचा, "बबन्या, खाली ये. घर मागं राहिलं." आणि बबन मुकाट्याने खाली यायचा. असा त्याचा कान होता.

मी काहीच वाजवत नसे. मी निवेदक होतो. शब्द माझे, माईक माझा. स्टेज म्हणजे बैलगाड्यांवर टाकलेल्या फळ्या. मी अनवाणी उभा राहायचो आणि यशवंतचा सूर मला तळपायांतून यायचा. लोकांना गाणाऱ्याचा आवाज ऐकू जाई, अ‍ॅकॉर्डियन ऐकू जाई. मला पायाखालची फळी सांगायची की सगळं जागेवर आहे. मला त्याचा हेवा वाटायचा. हे लिहिताना हात थांबला होता, पण खरं आहे. टाळ्या मला मिळायच्या आणि हेवा मला त्याचा वाटायचा.

ज्यांनी आमच्याकडचा जुना पाऊस बघितला नाही त्यांना पुढचं पटणार नाही. चार महिने ऊन दिसत नसे. जे भिजेल ते चुलीवर जाई. प्रत्येक घरात चुलीच्या वर बांबूचा एक मांडव टांगलेला असे. त्यावर ओली लाकडं, बाळंतिणीचे कपडे, बियाणं, कांदे, घोंगड्या. आमची पाठ्यपुस्तकंसुद्धा तिथेच वाळायची. पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा शेजारचा मुलगा माझी वही हुंगून म्हणाला होता, तुमच्याकडे हॉटेल आहे का. ओलं झालं की चुलीवर. त्यात विचार करण्यासारखं काही असतं असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी यशवंतची कारखान्यात सलग पाळी लागली. सराव संपल्यावर त्याने गिटार प्लास्टिकच्या खोळीत घातली, वरून नाडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"आमचं घर गळतंया. तुझ्याकडं राहू दे. पोरीगत संभाळ."

"संभाळतो की."

आमच्या घराकडे जायला खाचरांच्या बांधावरून वाट होती. पाऊस थांबला होता, सगळीकडे तो भाताचा वास. आजूबाजूला कुणी नाही हे मी बघून घेतलं. नाडी सोडली, गिटार बाहेर काढली आणि तिचा पट्टा गळ्यात घातला. मला एकही सूर वाजवता येत नव्हता. पण त्या बांधावरून मी वादक होऊन चाललो. मान वाकडी केली, डोळेसुद्धा मिटले. यशवंतसारखे.

आणि पाय घसरला.

गिटारीसकट मी खाचरात पडलो. उठलो तेव्हा तिच्या पोटातून चिखलाचं पाणी गळत होतं. मी पळत घरी आलो, विहिरीवर ती घागरभर पाण्याने धुतली, म्हशीला धुतात तशी. आई दारात आली.

"काय झालं रं?"

"भिजली जरा."

"मग रडतूयास काय? लाकूडच हाय ते. टाक चुलीवर, सकाळपतूर वाळंल."

कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात तिच्या या वाक्याच्या आड लपलो. आई म्हणाली म्हणून टाकली. पण बांधावर खोळ सोडायला आईने सांगितलं नव्हतं.

सकाळी गिटार खाली काढली तर पाठीवरचा लाल मुलामा पापडासारखा फुगला होता, मधोमध धुराने पिवळा-करपट डाग. मला फक्त डाग दिसला. तोच झाकायचा होता. शाळेच्या फळ्याला दिलेल्या काळ्या रंगाचा डबा अर्धा उरला होता. खरवडून, पुसून, मी तिला दोन हात रंग दिला. आणि रंग वाळेना, म्हणून पुन्हा चुलीवर चढवली. दोन दिवस. आई खाली भाकरी थापत होती आणि वर यशवंतची गिटार शेकत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी तो कारखान्यातून थेट स्टेजमागे आला, अंगावर खाकी कपडे तसेच. मी गिटार पुढे केली.

"गणपतीसाठी नवा रंग दिला," मी म्हणालो.

त्याने तिला उजेडात फिरवून बघितलं आणि मोठ्याने हसला. "आयला दत्त्या, नवरी काळी केलीस की! लई झ्याक दिसतीय." आणि मला मिठी मारली. त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास होता. ती मिठी मी अजून विसरलो नाही.

तारा त्याने अ‍ॅकॉर्डियनशी जुळवल्या. मोकळ्या तारा बरोबर बोलल्या. मला हायसं वाटलं. स्टेजचा पडदा वर गेला, मी माईकवर माझी पाठ केलेली वाक्यं म्हटली, गाणं सुरू झालं आणि पहिल्या कडव्यातच माझ्या तळपायांना कळलं. चुलीच्या शेकाने गिटारीची दांडी वाकली होती. तारा दांडीवरच्या धातूच्या पडद्यांपासून उंच उचलल्या गेल्या होत्या. बोट दाबलं की तार ताणली जाई आणि सूर चढा लागे. जितकं वर जावं तितकं जास्त. मोकळी तार बरोबर आणि दाबलेली चुकीची, असं काही त्याने कधी अनुभवलं नव्हतं. तो तार उतरवायचा, मग मोकळी खोटी व्हायची. पुन्हा चढवायचा. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. गाणारा मागे वळून बघू लागला. पुढच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली.

गाणं संपलं. माईक माझ्या हातात होता. शांतता निवेदकाला सहन होत नाही. मी म्हणालो, "आमच्या यशवंतरावांनी आज बाप्पाच्या प्रसादाबरोबर आणखी कसला तरी प्रसाद घेतलेला दिसतोय."

गाव हसलं. चारशे-पाचशे माणसं असतील, आया-बायकांसकट हसली. यशवंत माळकरी घरातला, सुपारीसुद्धा खात नसे. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपल्याला जे कळत नाही ते या माणसाला कळलंय की काय, असं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. आमच्या चुलीपाशी, त्या बांबूच्या मांडवाखालीच पाटावर बसला. आईने चहा दिला. ती गोठ्याकडे गेल्यावर म्हणाला, "थट्टेचं सोड. तुला कसं ऐकू आलं ते सांग. खरं सांग."

"चढं लागत होतं थोडं."

"पर तारा जुळल्या व्हत्या. मी चारदा बघितलं."

त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. मांडव डोक्यावर होता, बोट वर केलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो, "कानाचं असतं असं. कधी कधी जातो कान."

तो मान हलवत उठला. चहा तसाच राहिला.

स्टेजवरची थट्टा गावाने चालू ठेवली. "काय येसूशेठ, आज परसाद?" असं त्याला निम्मं आयुष्य ऐकावं लागलं. तरी ती एक वेळ समजू शकतो, तोंडातून निसटली. चुलीपाशी मी बोललो ते निसटलेलं नव्हतं.

त्याने गिटार माळ्यावर टाकली. पुढे भजनात तो बसला नाही. स्वतःच्या मुलाच्या लग्नात बायकांनी नाव घेण्याआधी त्याला एक गाणं म्हण म्हटलं तर उठून वाढप्यांत गेला. मी पिंपरीकडे पॅटर्न शॉपमध्ये लागलो. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचे, केसाएवढी चूक चालायची नाही असं काम. गणपतीला मात्र गावी यायचो. आरतीला आम्ही शेजारी उभे राहायचो. सगळं देऊळ घुमत असायचं आणि माझ्या डाव्या कानाला, तो उभा असायचा त्या बाजूने, काहीच ऐकू यायचं नाही. यशवंत नुसते ओठ हलवायचा. टाळी द्यायचा तीही हवेत, हाताला हात न लावता. ठेका चुकेल म्हणून. अशा किती आरत्या झाल्या त्या मी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक वेळी मी जास्त मोठ्याने म्हणायचो.

तर यंदा, तो काळा रंग. काचेने खरवडताना त्याची भुकटी व्हायची, बोटांच्या रेषांत बसायची. त्याखाली तो डाग निघाला, होता तसा. पोळीला पडतो तसा. त्याच्याखाली कडेकडेने थोडा लाल शिल्लक. काचकागद फिरवताना लाकडातून धुराचा वास उठल्याचा भास झाला. भास कसला, लाकडात मुरलेलाच तो, आमच्या चुलीचा. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी कागद ठेवला आणि पडवीच्या पायरीवर जाऊन बसलो.

मग दांडीवर पोलादी पट्टी ठेवून डोळ्यासमोर धरली. दोन्ही टोकांना पट्टी टेकली आणि मधून उजेड दिसला. चांगला दिसला. मी पहिल्यांदाच मोजत होतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. वाकलेलं सरळ करण्याआधी त्याचा माप-नमुना काढून ठेवायचा, काय होतं ते नंतर नाकारता येऊ नये म्हणून. मी प्लायवूडची हातभर पट्टी घेतली आणि दांडीची वाकण तिच्यावर उतरवून कापली, दांडीत बरोबर बसेल अशी. मग ओलं फडकं आणि गरम इस्त्री. शेकाने वाकलेलं लाकूड शेकानेच सरळ होतं, दुसरा उपाय नाही. शेकायचं, सरळ लोखंडी नळीला शिकंजांनी आवळायचं, दोन दिवस सोडायचं, पुन्हा शेकायचं. पाच वेळा केलं. पाचव्या वेळी पट्टीखालचा उजेड दोऱ्याएवढा राहिला. तेवढा असावाच लागतो.

लाखेचं पॉलिश या दिवसांत करू नये हे शिकाऊलाही माहीत असतं. हवेत ओल असली की ते दुधासारखं पांढरं पडतं. पण मला गणपतीच्या आत द्यायची होती. मग दुपारी तास-दीड तास ऊन पडायचं त्याची वाट बघायची. ढग सरकले की कापसाची गादी लाखेत बुडवून एक हात. ढग आला की थांबायचं. लाल रंग मी जुन्या कडेशी जुळवला. डाग काढला नाही. काढता आला असता. लाखेखाली तो मधासारखा दिसतो आता.

शनिवारी पाण्यापलीकडच्या रिसॉर्टमध्ये डीजे लागतो. इतक्या लांबून गाणं कळत नाही, पाण्यावरून फक्त तळाचा ठोका येतो आणि पडवीच्या फरशीतून पायाला लागतो. गावातली सगळी त्याला शिव्या देतात, मीही देतो. पण एका शनिवारी चपला काढून मी तसाच उभा राहिलो. नुसता ठोका होता. त्यात बबनला खाली बोलावणारं कुणी नव्हतं.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी गिटार आणि प्लायवूडची पट्टी घेऊन मी यशवंतकडे गेलो. तो ओट्यावर फुलं निवडत बसला होता, तेरडा एका बाजूला, सोनकी एका बाजूला. गिटार बघून म्हणाला, "आत दे सुनीताला."

"तुझ्याशी बोलायचंय."

मी सांगितलं. बांधापासून सांगितलं, खोळ, गळ्यातला पट्टा, मिटलेले डोळे, चिखल, चूल, रंग, परत चूल. पट्टी त्याच्या हातात दिली. "तुझी दांडी इतकी वाकली होती." त्याने तिच्या वाकणीवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत.

"म्हंजी माझा कान..."

"बरोबर होता."

"आन् तुला ठावं व्हतं."

"त्याच दिवसापासून."

तो उठला आणि आत गेला. हातात पट्टी तशीच. सुनीताने चहा आणून ठेवला, म्हणाली, "आबा देवघरात का बसलेत? अजून तर मखर व्हायचंय." चहावर साय आली. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, डोळे धुतलेले.

"मुर्दाडा," तो म्हणाला. "पंचेचाळीस वर्सं मी आरतीला मुका उभा हाय. शेजारी तू बोंबलतूयास."

"हो."

"मला सांगितलंस. बरं केलंस. पर हसली ती समदी मानसं. त्यांस्नी कोन सांगनार?"

"बरीच गेली रे त्यातली."

"ऱ्हायल्यात त्यांना सांग. त्यांची पोरं हायेत. माईकवर बोलला व्हतास न्हवं? आता लिव्ह. नाव घालून लिव्ह. तुला लई येतं लिवायला."

म्हणून हे लिहिलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी मागितलीही नाही. त्याने सुनीताला हाक मारली आणि प्लायवूडची पट्टी तिच्या हातात दिली. "भिंतीवर ही लाव. गिटार ऱ्हाऊ दे हितंच."

"ही कसली शोभा, आबा?"

"लाव म्हणतो ना."

मग त्याने गिटार मांडीवर घेतली. कुठून धरायची हे हातांना आठवत होतं. बोटं जाड झालीत, डाव्या हाताचं मधलं बोट नीट वळत नाही. अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. त्याने तिच्या लाल अंगाला हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि सगळ्यात जाड तार छेडली. मग वर, पाचव्या पडद्यावर बोट दाबलं. मग बाराव्यावर. मला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, मी नुसता त्याच्या कपाळाकडे बघत होतो.

"दुसरी तार," तो म्हणाला, "जरा चढीय."

मी गिटार घरी मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या यंत्राने जुळवून आणली होती, चारी नव्या तारा, दोनदा तपासून. चटकन खिशात हात घातला, मोबाइल काढला, तारेजवळ धरला. काटा मधल्या रेघेच्या उजवीकडे, चढ्या बाजूला होता. जेमतेम एक केस.

यशवंतने डोळे उघडले नाहीत. खुंटीला हात घालत म्हणाला, "त्यात काय बघतूयास? मी सांगतोय की."